हात सरकला पाहिजे

"आत्ताच्या आत्ता निघ. आणि येताना हाताला क्रीम-बीम काही लावू नकोस," एवढं बोलून मैत्रिणीने फोन ठेवला.

मी जळगावात कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसले होते, ती धुळ्यात तिच्या कारखान्यात. तिच्या आवाजावरून वाटत होतं, आता ही एकतर हसेल नाहीतर रडेल. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसस्टँड गाठलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी आपली वाटभर स्वतःच्या हातांकडे बघत होते. शेजारच्या बाईने शेवटी विचारलंच, "भाजलं का हो कुठे?"

आम्ही दोघी जळगावला एमएस्सी करताना एकाच टेबलावर प्रयोग करायचो. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागले. ती धुळ्याला परत गेली आणि अब्बांचा काचेचा धंदा हातात घेतला. बाथरूमच्या खिडक्या, हॉलमधली पार्टिशन, देवघराच्या दारावरची मोराची नक्षी, सगळ्यांना पांढरट धुरकट काच लागते. ती दोन तऱ्हांनी करतात. एक, बारीक वाळूचा जोरदार फवारा मारायचा. दुसरी, ॲसिडला काचेचा वरचा पापुद्रा खायला लावायचा. हे ॲसिड महा वाईट. कातडीला लागलं तर आधी समजतच नाही, आणि समजतं तेव्हा ते आत हाडापर्यंत गेलेलं असतं. त्यामुळे तिच्याकडे कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर मास्क आणि खुंटीला औषधाची ट्यूब टांगलेली, याशिवाय ॲसिडच्या खोलीत पाऊल टाकायची कोणालाच परवानगी नाही. मलाही नाही.

तर, या सगळ्यात आम्हाला ओढलं ते नानांनी. नाना म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. जळगावच्या एमआयडीसीत त्यांचा इंडक्शनच्या शेगड्या जोडायचा लहानसा कारखाना आहे. एकदा ते मुलीबरोबर घरी आले आणि पिशवीतून एक काळीभोर चकचकीत पाटी काढून माझ्यासमोर ठेवली. शेगडीचा वरचा काचेचा पत्रा.

"मॅडम, हात फिरवा," ते म्हणाले.

मी फिरवला. बोटं अडखळत, कुचकुच आवाज करत गेली आणि मागे तेलकट ठसे राहिले.

"हेच! बायका हेच म्हणतात. चिकटल्यासारखं वाटतं, कितीही पुसा, ठसे जात नाहीत. मला हा पत्रा असा करून पाहिजे, की हात लावला की बरं वाटलं पाहिजे. दिसायचं नंतर बघू. हाताला बरं वाटलं पाहिजे."

अशी मागणी घेऊन माझ्याकडे कोणी कधी आलं नव्हतं. वीस वर्षं मी मुलांना पदार्थांचे गुणधर्म शिकवले. कठीणपणा शिकवला, घनता शिकवली, वितळायचं तापमान शिकवलं. हाताला बरं वाटणं कुठल्याच धड्यात नव्हतं. मी त्याच संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला, आणि ती म्हणाली, "पाठव. आजच पाठव."

आता ही पाटी साधी काच नव्हे. तिला काच-सिरॅमिक म्हणतात. आधी काचेसारखीच वितळवून पत्रा काढतात, मग पुन्हा भट्टीत ठेवतात, आणि दुधाला विरजण लागावं तशी ती काच आतल्या आत धरते. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक स्फटिक तिच्यात तयार होतात. त्यामुळे ती तापली काय, गार झाली काय, जवळजवळ फुगतही नाही आणि आखडतही नाही. मैत्रिणीचा विश्वास बसेना. तिने एक तुकडा चांगला तापवला आणि वरून माठातलं गार पाणी ओतलं. मी व्हिडिओ कॉलवर डोळे मिटून घेतले होते. चुर्र झालं, वाफ गेली, आणि ती ओरडली, "काही नाही झालं यार! काहीच नाही!"

पण हीच गोष्ट पुढे आमच्या मुळावर आली. खिडकीच्या काचेला जे ॲसिड चालतं ते हिला लावलं, तर पाटीवर कोड फुटल्यासारखे डाग उठले. कुठे खाल्लेली, कुठे तशीच. कारण आत दोन वस्त्या. मोकळी काच वेगळ्या वेगाने विरघळते, स्फटिक वेगळ्या. मग नुसता वाळूचा फवारा मारून पाहिला. दिसायला झकास, एकसारखी राखाडी. पण हात फिरवला की फळ्यावर खडू घासल्यासारखे दात शिवशिवायचे. वर हळद सांडली तर ती पाटीत जाऊन बसली, कितीही घासा, निघेना. स्टीलचं पातेलं सरकवलं तर त्याचे करडे ओरखडे उठले. नानांनी तो नमुना बघितला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

कितीतरी रविवार असे गेले. मी जळगावहून कागदावर अंदाज पाठवायचे, ती धुळ्याला करून बघायची, संध्याकाळी फोनवर आमचं भांडण व्हायचं. आणि मग तो क्रीम न लावता यायचा फोन.

कारखान्याच्या दारातच तिने माझे हात साबणाने धुवायला लावले, स्वतःच्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि मला खुर्चीवर बसवलं.

"बोल आता," ती म्हणाली आणि माझा हात धरून कशावर तरी ठेवला.

मी बोट पुढे नेलं, आणि बोट गेलं! नुसतं गेलं. कुठे अडलं नाही, कुठे चिकटलं नाही, आणि निसटलंही नाही. बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा तसं काहीतरी. थोडं कोमट, थोडं कोरडं. मी परत फिरवला. मग उलटा हात फिरवला, मग मनगट. मला हसूच आवरेना.

"काय केलंस काय तू?"

"फवाऱ्याची वाळू अगदी बारीक घेतली, मैद्यासारखी. आणि नंतर त्याच पाटीला ॲसिड दिलं, पातळ, थोडाच वेळ. फवाऱ्याने जी टोकं उठतात ना, ती ॲसिडने गोल झाली. खड्डे आहेत, पण धारदार नाहीत."

मी ओढणी सोडली. समोर काळी पाटी होती, चमक गेलेली, पावसाळी ढगासारखी. आमच्या कुठल्याच आकडेमोडीत हे नीट बसत नव्हतं, पण कारण लगेच डोळ्यापुढे आलं. चकचकीत काचेला बोटाची कातडी सगळीकडून टेकते, घामाने धरून बसते. इथे ती फक्त बारीक-बारीक उंचवट्यांच्या माथ्यावर टेकत होती आणि मधे हवा होती. आम्ही दोघी आळीपाळीने त्या पाटीवर हात फिरवत बसलो. चहा आला, गार झाला. अब्बा आत डोकावले, त्यांनीही एकदा हात फिरवला, "अरे वा" म्हणाले आणि दुसऱ्यांदा फिरवला. तेव्हा तर मैत्रिणीने टाळीच वाजवली.

नाना मात्र फोनवर म्हणाले, "तुम्हा दोघींना आवडणारच हो. तुमचंच काम आहे. ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला दाखवा, आणि तो काय म्हणतो ते सांगा."

मला लगेच अक्का आठवली.

अक्का माझी आत्या. सगळं घर तिला अक्काच म्हणतं. ती पारोळ्याला मुलाकडे राहते. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली, आता उजेड-अंधार एवढंच समजतं. तरी तिने सैपाकघर सोडलं नव्हतं, पण एक दिवस गॅसवर पदराने पेट घेतला. थोडक्यात निभावलं, तरी माझ्या आतेभावाने त्याच दिवशी तिला ओट्याजवळ जायची बंदी केली. तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून तूर निवडायची, लसूण सोलायची, आणि आत सून फोडणी देत असली की इथून ओरडायची, "मोहरी जयी ऱ्हायनी व!" मोहरी खरंच करपत असायची.

मैत्रिणीने काच पोचवायची गाडी काढली. सगळे नमुने, चांगले-वाईट, जुन्या चादरीत गुंडाळले आणि आम्ही पारोळ्याला गेलो.

"कोन शे व?" अक्काने पावलं ओळखायचा प्रयत्न केला.

"मी अक्का. आणि धुळ्याची मैत्रीण आलीय."

"बसा व पोरीहो. चहा ठेव म्हना."

मी काही न सांगता तिच्या मांडीवर एकेक पाटी ठेवत गेले. चकचकीत पाटीवर तिने हात टेकवला आणि लगेच काढला. "चिकट शे. पुसं नही का कोनी?" मग आमची लाडकी ठेवली. तिचा तळवा वरून गेला आणि थांबला. परत गेला. तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच कुतूहल आलं.

"हात घसरना नही," ती सावकाश म्हणाली, "सरकना. गुयगुयीत शे."

मैत्रिणीने माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

पण मग अक्काने चादरीत हात घालून बाकीचे तुकडे स्वतःच चाचपले, आणि जो नमुना नानांनी बाजूला सरकवला होता, तो खडूसारखा खरबरीत, तो काढून घट्ट धरला.

"माले हाई पाहिजे."

"अगं अक्का, तो वाया गेलेला आहे! त्यात हळद बसते," मी म्हणाले. आम्ही तोपर्यंत तिला सांगितलं होतं की या शेगडीच्या पाट्या आहेत.

"बसू दे. त्या गुयगुयीत पाटीवर माले चुल्हा कोठे शे ते कसं कयी? बठ्ठं सारखंच लागस. आठे हात थांबस." म्हणजे मऊ पाटीवर सगळीकडे सारखंच लागतं, चूल कुठे ते कळत नाही; खरबरीत जागी हात थांबतो.

मैत्रीण मऊ पाटीची बाजू घेऊन तिच्याशी वाद घालू लागली. तिला अहिराणी समजते, बोलता येत नाही, म्हणून ती मराठीत आणि अक्का अहिराणीत. "अक्का, हात भाजला तर खरबरीत जागी कातडी सोलवटेल." "मी काय हात घासत बससू का तठे?" "पुसायला त्रास होतो हो." "पुसनारी मी शे!" दोघी ऐकेनात. चहा आला तोही दोघींनी भांडतच प्यायला. आणि मधेच मैत्रीण एकदम उभी राहिली. कप तसाच हातात.

"दोन्ही," ती म्हणाली. "एकाच पाटीवर दोन्ही! सगळी पाटी मऊ, आणि भांडं ठेवायच्या जागेभोवती खरबरीत कडं. भांडं आत बसणार, मऊवर. ओरखड्याचा प्रश्न नाही. हळद बसली तर फक्त कड्यात. आणि हाताला कळणार, इथे चुल्हा सुरू झाला!"

"आणि बटणांपाशी टिंबं," मी म्हणाले.

"टिंबं! चालू करायला एक, आच वाढवायला दोन..."

अक्का नुसती हसत होती. "मी कव्हाची तेच सांगी ऱ्हायनू ना," ती म्हणाली. तसं तिने काही सांगितलं नव्हतं, पण आम्ही तिला ते श्रेय तिथल्या तिथे देऊन टाकलं. परत निघताना गाडीत आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो. मला पारोळ्यालाच जळगावची बस धरायची होती, ते राहूनच गेलं. मी तिच्याबरोबर पुन्हा धुळ्याला गेले आणि तिच्याच घरी राहिले.

कडं काढणं सोपं निघालं नाही. मऊ करताना कड्याची जागा स्टिकरने झाकायची आणि ॲसिड फक्त बाकीच्या पाटीला द्यायचं, असा बेत होता. पहिल्या पाटीत ॲसिड स्टिकरच्या खाली शिरलं आणि कडं पाघळलेल्या कुल्फीसारखं झालं. दुसऱ्या पाटीत कडं नेमकं आलं, पण मऊ आणि खरबरीत यांच्या सांध्यावर बोट ठेवलं की तडा गेल्यासारखा भास व्हायचा. मैत्रिणीच्या आईने हात लावला आणि म्हणाली, "फुटली की गं ही!" न फुटलेली पाटी फुटल्यासारखी वाटणं म्हणजे तर कामच संपलं. मग तिने कड्याच्या दोन्ही काठांवर फवारा हळूहळू कमी करत नेला. मऊ पाटी कधी खरबरीत झाली ते हाताला समजू नये, झाली एवढंच समजावं. नदीच्या काठाला पाणी कसं हळूहळू खोल होत जातं, तसं. ती पाटी जमली त्या दिवशी मी तिथे नव्हते, याची मला अजून चुटपुट आहे. तिने फक्त फोटो पाठवला. फोटोत अर्थातच काही समजत नव्हतं. काळ्यावर काळं.

नानांनी ती पाटी एका शेगडीवर बसवून दिली. मनातून त्यांना ते पटलं नव्हतं. "मी मऊ करा म्हटलं होतं, तुम्ही रांगोळी काढली," ते म्हणाले. पण शेगडी घेऊन ते स्वतः आमच्याबरोबर पारोळ्याला आले. लोकांच्या हाती देण्याआधी आपल्या डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो मला आवडला.

आतेभावाने शेगडी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "माय, ऱ्हाऊ दे ना," तो म्हणाला. "परत चटका बसी."

"मना डोया गयात, हात नही," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. पण तो बाजूला झाला.

मी त्याला समजावलं, की यात जाळ नसतो, पदर पेटायला काही नाही. भांडं ठेवल्याशिवाय ही तापत नाही, आणि भांडं उचललं की बंद होते. भांड्याखालची जागा मात्र थोडा वेळ गरम राहते. तो सगळं ऐकून अक्काच्या अगदी मागे, हात पसरून उभा राहिला, लहान मुलाला सायकल शिकवताना उभं राहतात तसा.

अक्काने आधी काठ शोधला. मग तळवा सपाट ठेवून पुढे नेला. मऊ, मऊ, मऊ... आणि कड्यावर आला तसा हात थांबला. तिने बोटांनी कड्याचा पूर्ण फेरा घेतला. "हाऊ शे," ती म्हणाली. पातेलं उचललं, कड्याच्या आत ठेवलं, पुन्हा बोटाने भोवतीचं कडं तपासलं, पातेलं जरा डावीकडे सरकवलं. मग टिंब शोधलं. शेगडी पीं करून वाजली आणि आम्ही सगळे दचकलो, ती सोडून.

तिने शेवभाजी केली. तेल किती तापलं ते तिने वरून हात धरून ओळखलं, जिरं तडतडलं ते कानाने, कांदा झाला ते वासाने. काळा मसाला पडला आणि सगळ्या घराला ठसका लागला. सून दारात उभी राहून खोकत खोकत हसत होती. मधे एकदा अक्काचा हात पातेल्याकडे चालला तर आतेभाऊ पुढे झेपावला, पण बोटं कड्यावर आली आणि आपोआप थांबली. कडं नुसतं कोमट होतं. तिथूनच तिने अंदाज घेऊन सांडशी लावली. आतेभावाचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. थोड्या वेळाने बघते तर तो स्टूल ओढून बसला होता आणि आईला विचारत होता, "शेव आते टाकू का नंतर?"

"नंतर. मऊ पडी जाई."

जेवण झाल्यावर नानांनी हात धुतले, कोरडे केले, शेगडीसमोर उभे राहिले आणि डोळे मिटले. त्यांचा हात पाटीवरून फिरला, कड्याला लागला, फेरा घेतला, टिंबांवर गेला. परत पहिल्यापासून. डोळे उघडून ते अक्काला म्हणाले, "अक्का, माझ्या आईलाही दिसायचं नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली." मग त्यांनी पाणी मागितलं.

त्यांच्या सगळ्या शेगड्यांच्या पाट्या आता मऊ असतात, धुळ्याहून होऊन येतात. मैत्रिणीने त्यासाठी वेगळी शेड घातली. कड्याची शेगडी त्यांनी एकच मॉडेल म्हणून ठेवली. ती फार खपत नाही. पण चोपड्याला एका शाळेत, मुक्ताईनगरला एका आजोबांकडे, अशी एकेक जाते, आणि गेली की नाना मला आवर्जून सांगतात. काही डोळस बायकांनीही तीच मागून घेतली, का ते कोणाला नीट सांगता येत नाही. "हाताला आवडते," म्हणतात.

मी अजून शिकवते, पण वर्गात आता नमुन्यांचे तुकडे नेते. मुलांना डोळे मिटायला लावते आणि हात फिरवायला देते. पहिल्या बाकापासून हसू सुरू होतं ते शेवटच्या बाकापर्यंत जातं, आणि मग प्रश्न येतात, एकदम सगळीकडून.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी पारोळ्याला गेलो तर अक्का ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी करत होती. लोखंडी तवा कड्यात बरोबर बसलेला. आम्हाला वाढता वाढता तिने शेगडीचा एक कोपरा बोटाने ठोकला.

"हाऊ कोपरा टोचस," ती म्हणाली. "चारी टोचतस. ते गोल करा."

मैत्रिणीने जेवता जेवता डाव्या हाताने तो कोपरा चाचपला, मग दुसरा. भाकरीचा घास तोंडापाशी तसाच राहिला. मला ती नजर आता ओळखता येते.

"काठालाही फवारा मारता येईल," ती म्हणाली, "पण पाटी उभी धरावी लागेल. उभी कशी धरायची सांग."

"आधी जेव," अक्का म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.